सांगलीत सापडलेली जॉर्ज मायकलची एलपी

हरभट रोडमागच्या गल्लीत जुन्या रेकॉर्ड विकणारे एक काका आहेत. त्यांच्याकडून ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकलची १९९० ची ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’ ९०० रुपयांना घेतली. काकांनी आधी लावून ऐकवली, मगच पैसे घेतले. सुरुवातीला जराशी खरखर आहे, पुढे आवाज एकदम स्वच्छ.

कव्हरवर त्याचा चेहरा नाही, नुसती समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी. व्हिडिओतही दिसायला तो तयार नव्हता. लोकांनी गाणं ऐकावं, एवढंच मागणं. त्याची रेकॉर्ड कंपनी सोनीने या अल्बमची जाहिरात मनापासून केली नाही, ही त्याची तक्रार. करारातून सुटण्यासाठी तो लंडनच्या हायकोर्टात गेला आणि १९९४ मध्ये हरला. पुढचा अल्बम यायला १९९६ उजाडलं! ऐन भरातल्या गळ्याची सहा वर्षं.

मी मिरजेच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. माझ्या भक्तिगीतांच्या अल्बमचं एका कंपनीने साधं पोस्टरही छापलं नाही. करारात जाहिरातीबद्दल अक्षर नव्हतं. म्हणून ही रेकॉर्ड मला फार जवळची वाटते. तिच्यातल्या ‘फ्रीडम’ गाण्यातला पियानो सुरू झाला की बोटं थांबत नाहीत.

दुकान सोमवारी बंद असतं. संध्याकाळी जा, काका निवांत ऐकवतात.