शंभर रुपयाला एक गोल्टी

सासूबाई मार्गशीर्षात आठ दिवस आमच्याकडे राहायला आल्या होत्या. निफाडकडच्या, सगळा जन्म कांद्याच्या शेतात गेलेला. सकाळी उन्हाला बसायला गच्चीवर गेल्या आणि तिथूनच हाक आली, "अगं, कांदे लावले का काय? अन् एवढ्या भारी कुंड्यांमधी?"

मी म्हटलं, "आई, ट्युलिप आहेत ते."

त्यांनी एक पात खुडली, बोटांत चुरगळली आणि काही न बोलता माझ्या नाकाशी धरली.

नाशिकमध्ये राहून कांद्याच्या बाबतीत फसले, हे सांगायची लाज वाटते. म्हणून वर्षभर कुणाला सांगितलंही नाही. पण परवा कॉलेज रोडला भाजी घेताना पुन्हा तसाच फलक दिसला: ‘काश्मिरी ट्युलिप, आता लावा, वसंतात फुलं’. मग म्हटलं, लाज बाजूला ठेवावी.

2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही श्रीनगरला गेलो होतो. झबरवानच्या पायथ्याची ट्युलिपची बाग पाहिली. ती बाग वर्षातून महिनाभरच पाहायला मिळते, तीही एवढ्याशा फुलांसाठी. पण ते रंगांचे पट्टे डोळ्यांपुढून हलेनात. नाशिकला गुलशनाबाद म्हणत, मग माझ्या गच्चीवर चार ट्युलिप का नकोत, असं माझं साधं गणित.

दिवाळीनंतर गंगापूर रोडला एक प्रदर्शन लागलं होतं. लोणची, कुर्ते, गुडघेदुखीचं तेल, आणि एका कोपऱ्यात हा स्टॉल. मागे पडद्यावर त्याच बागेचा व्हिडिओ चालू. जाळीच्या छोट्या पिशव्यांत कंद, वर ट्युलिपचा रंगीत फोटो. एका पिशवीवर तर चक्क निळाभोर ट्युलिप. (खरा निळा ट्युलिप जगात अजून कुणाला जमलेला नाही. जांभळ्याकडे झुकणाऱ्यालाच निळा म्हणतात. हे मला नंतर कळलं.) कंदांना गडद गुलाबी पूड चोळलेली, बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक लावतात तशी. मी पिशवी नाकाजवळ नेली तर तो मुलगा घाईने म्हणाला, "मॅडम, वास नका घेऊ, औषध लावलंय. विषारी असतं."

हे वाक्य किती हुशारीचं होतं ते बघा. साल दिसू नये म्हणून पूड, हात लागू नये म्हणून जाळी आणि वास घेऊ नये म्हणून विष. कांदा ओळखायच्या तिन्ही वाटा बंद.

पंधरा ट्युलिप आणि दहा डॅफोडिल, पंचवीस कंदांचे अडीच हजार. रोख दिले. पावती मिळाली ती स्टेशनरीच्या दुकानातली कोरी पावती, तिच्यावर फक्त एक मोबाइल नंबर. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, काही नाही. बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासलेल्या बाईने ती पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

कोकोपीट, शेणखत, नव्या कुंड्या यांचे वेगळे अकराशे. लावल्यावर आठव्या दिवशी कोंब आले! मी फोटो काढून बहिणीला पाठवले. पानं गोल, नळीसारखी आणि पोकळ येत होती. ट्युलिपचं पान रुंद आणि चपटं असतं, हे श्रीनगरला मी स्वतः पाहिलेलं. पाणी घालताना वासही यायचा. खरं सांगायचं तर तिसऱ्या आठवड्यात मला कळलं होतं. फक्त ते मी स्वतःला सांगत नव्हते.

त्या नंबरवर फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, तेही अदबीने: "सुरुवातीची पानं अशीच येतात. थंडी कमी पडतेय म्हणून गोल आहेत. तुम्ही पाणी जास्त घालताय का?" आणि मी विचार करत बसले, घालतेय का जास्त?

या धंद्याचं सगळं मर्म इथेच आहे. नोव्हेंबरमध्ये लावायचं आणि फूल बघायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले तीन-चार महिने गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देत बसतं, ऊन चुकलं, पाणी चुकलं, माती चुकली. तोवर मांडव उठलेला असतो. साडी फाटकी निघाली तर माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला जातो, न उगवलेल्या फुलासाठी कोण जातं?

पुढची गोष्ट तर यांना, म्हणजे आमच्या घरच्यांनाही, आत्ता हे वाचूनच कळेल. सासूबाईंनी पात हुंगवल्यावर मी तावातावाने त्या नंबरवर फोन केला. त्याने माफी मागितली. पॅकिंगमध्ये चूक झाली, प्री-कूल्ड कंद बदलून पाठवतो, फक्त कुरियरचे साडेचारशे पाठवा म्हणाला. मी पाठवले. यूपीआयवर भलत्याच कुणाचं तरी नाव आलं, तरी पाठवले. त्या संध्याकाळनंतर नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, तेव्हाच्या तेव्हा फोन करायला हवा होता, पैसे वळते व्हायच्या आत खातं गोठवलं जाण्याची आशा असते. मी केला चार दिवसांनी. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवायला घेतली तर पहिलाच प्रश्न: कुणाविरुद्ध? माझ्याकडे नाव कुठे होतं?

सासूबाईंनी एक कुंडी उकरली. पूड धुतल्यावर खाली लालसर साल. "गोल्टी हाये ही," त्या म्हणाल्या. लासलगावच्या बाजारात मोठ्या मालातून वेगळी काढतात ती बारीक गोल्टी. तिला किलोला काय भाव मिळतो ते शेतकऱ्याला विचारा, मी नगाला शंभर मोजले होते.

समजा, कंद खरे असते तरी? ट्युलिपच्या कंदाला फूल धरायला साधारण बारा ते सोळा आठवडे सलग गारवा लागतो, नऊ अंशांच्या आतबाहेरचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा उतरला की पेपरात निफाडचा फोटो येतो, पण ती पहाटेची गोष्ट. दुपारी माझ्या गच्चीवरची कुंडी हाताला गरम लागते. म्हणून इथे आधीच शीतगृहात ठेवलेले कंद घ्यावे लागतात, किंवा घरच्या फ्रिजमध्ये तेवढे आठवडे ठेवून ऐन थंडीत लावावे लागतात. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद-केळी असतील तर त्यांच्या वायूने आतली कळी मरते. इतकं करून फूल एका हंगामाचं, दुसऱ्या वर्षी त्या कंदाकडून इथे आशा नको. हे सगळं आधी सांगतो तो खरा विकणारा. ‘दरवर्षी आपोआप फुलेल’ म्हणणाऱ्यापासून चार पावलं लांब राहा. आणि ट्युलिपचं बी विकणाऱ्यापासून आठ, कारण बियापासून फूल यायला पाच-सहा वर्षं लागतात.

खरा कंद तपकिरी, कागदी सालीचा, खाली फुगीर, वर टोकदार आणि बहुधा एका अंगाने चपटा असतो. शंका आली तर एक विकत घ्या आणि तिथेच कापायला सांगा. डोळ्यांत पाणी आलं तर समजा.

कंद लावायची हौसच असेल तर गुलछडी आहे, ग्लॅडिओलस आहे. ते लावणारे शेतकरी आपल्याच भागात आहेत, कंद हातात घेऊन बघू देतात.

डॅफोडिलचं विचाराल तर त्यांची पानं मात्र चपटी, पट्ट्यासारखी आली, म्हणून मी त्यांना उपटलं नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाला फुललं: पांढरी स्पायडर लिली. रस्त्याच्या दुभाजकात असते ना, तीच.

कांद्यांची पात आम्ही पिठलं आणि भाकरीबरोबर संपवली. एक कुंडी सासूबाईंनी राखायला लावली. फेब्रुवारीत तिला डेंगळं आलं, कमरेएवढं उंच, टोकाला चेंडूसारखा पांढरा गोंडा, आणि त्याच्यावर मधमाश्या, आमच्या गच्चीवर कधी न पाहिलेल्या. हे चष्मा लावून बघत म्हणाले, "शरदात लावा, वसंतात फूल. बोलल्याप्रमाणे दिलं की गं त्याने."

एप्रिलमध्ये सासूबाई परत आल्या तेव्हा गोंडा वाळला होता. त्यांनी तो तळहातावर चोळला, फुंकर मारली, काळं बी फडक्यात बांधलं आणि निफाडला नेलं. म्हणाल्या, शंभराचा कांदा हाये, बी कशाला वाया घालवायचं.