आयव्हरसन की रॉडमन?

एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले दोन वादग्रस्त खेळाडू. दोघेही गरिबीतून वर आले, दोघांच्याही अंगभर टॅटू, आणि दोघांचेही नाव काढले की भांडणे सुरू.

डेनिस रॉडमन डॅलसच्या विमानतळावर झाडलोट करायचा. 1986 मध्ये ड्राफ्टच्या (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत निवडला गेला, आणि गुणांच्या मागे न लागता त्याने रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परत आलेला चेंडू पकडणे, हेच आपले काम मानले. सलग 7 हंगाम त्यात अव्वल, 5 अजिंक्यपदे. 1997 मध्ये त्याने एका कॅमेरामनला लाथ मारली आणि 11 सामन्यांची बंदी ओढवून घेतली. त्या लाथेचे समर्थन मी करणार नाही.

अ‍ॅलन आयव्हरसनची गोष्ट मला जास्त टोचते. शाळेत असतानाच एका हाणामारीत त्याला दोषी ठरवून तुरुंगात धाडले. चार महिन्यांनी गव्हर्नरने सोडले, पुढे अपिलात निकालच फिरला. उंची जेमतेम सहा फूट, तरी 4 वेळा गुणसरासरीत पहिला आणि 2001 चा सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात लेकर्स संघाविरुद्ध 48 गुण! मालिका मात्र हरला. विजेतेपद कधीच नाही. 2002 च्या पत्रकार परिषदेत सरावाबद्दल विचारल्यावर तो ‘प्रॅक्टिस’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहिला, जग हसले. काही महिन्यांपूर्वी त्याच्या जिवलग मित्राचा खून झाला होता, हे किती जणांच्या लक्षात राहिले?

संघ जिंकवायचा असेल तर रॉडमन घ्या. मी मात्र रात्री जागून जुने सामने पाहतो ते आयव्हरसनचे.