35 मिमी खाली, आठ महिने: बीडच्या रस्त्यांवर लोअरिंग स्प्रिंगा

दिवाळीआधी गाडीला लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या. पेट्रोल हॅचबॅक, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) 163 मिमी. तो 128 वर आला. दर आठवड्याला बीड ते संभाजीनगर आणि रविवारी गेवराई तालुक्यातलं आमचं गाव, असा माझा फेरा. जूनच्या शेवटी जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या.

हायवेवर मजा आली, हे खरंच. शहागड, पाचोड करत जाताना लेन बदलली की आधी गाडी डुलायची, ते थांबलं. मला वाटलं, उंची कमी झाल्याचा हा गुण. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेलं सस्पेन्शन) असलेली गाडी खाली आली की चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतं. म्हणजे नुसती उंची उतरवली तर गाडी वळणात उलट जास्त झुकू पाहते. माझं डुलणं थांबवलं ते स्प्रिंगांच्या कडकपणाने.

खरी परीक्षा गावाकडे. प्रमाणित गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे गाडी त्यावर सावकाश चढते आणि उतरते. आमच्याकडचे अरुंद. पुढची चाकं उतरतात तेव्हा अख्खा उंचवटा पोटाखाली. चार माणसं आणि डिक्कीत ज्वारीचं पोतं असताना मोजलं, तर क्लिअरन्स शंभराच्या आसपास उरला होता. प्रत्येक वेळी आबांना खाली उतरवायचं, हे मला फार लागलं. गुडघेदुखीचा माणूस. "लई खाली बसावं लागतंय रे," एवढंच म्हणायचे.

उसाच्या हंगामात तर पाणंद रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्यांचा झाला. काळी माती ओली असताना दबते आणि वाळली की दगडासारखी होते. जानेवारीत मधल्या उंचवट्यावर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) घासलं. फुटलं नाही, पण त्या दिवसापासून गाडी फाट्यावर लावून दोन किलोमीटर चालत जायला लागलो.

12 हजार किलोमीटरला पुढचे टायर आतून खाल्लेले दिसले. उंची बदलली की टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही बदलतात. स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा अलाइनमेंट करायला हवी होती. मी केली नाही. शॉकअप मूळचेच ठेवले होते. दबायला जागा कमी उरल्याने ते सतत बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडवणीवर) आदळत राहिले आणि मागचा एक गळायला लागला.

आता जुन्या स्प्रिंगा, नवे शॉकअप. हायवेवर गाडी मला तेवढीच भरवशाची वाटते.

तरी कोणाला करायचंच असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. आणि एक रविवार खर्च करा. सायलेन्सरपासून दूर, पोटाच्या सर्वांत खालच्या भागाला 35 मिमी जाड थर्माकोल घट्ट चिकटवा, घरच्यांना बसवा, रोजच्या रस्त्याने जाऊन या. थर्माकोल जिथे खरचटेल, तिथे उद्या चेंबर लागणार.