मासोळ्यांच्या टाकीत पाणी कोणतं भरावं: नळाचं, बोअरचं की आरओच्या कॅनचं?

काचेची टाकी आली, रेती धुऊन झाली, फिल्टर लागला, की खेड्यात पुढचा प्रश्न पाण्याचा. नागपूर-अमरावतीच्या दुकानदाराला तो फारसा पडत नाही. नागपूरला पेंचचं आणि अमरावतीला अप्पर वर्धाचं धरणाचं पाणी येतं, आणि त्याच्या मासोळ्या त्यातच रुळलेल्या असतात. आपल्याकडे एकाच घरात तीन तऱ्हेचं पाणी असतं: ग्रामपंचायतीचा नळ, अंगणातली बोअर, आणि लग्नकार्यापासून दुकानापर्यंत सगळीकडे पोचलेली आरओची कॅन. मी तिन्ही वापरली आहेत. माझं गाव आर्वीकडचं, वर्धा नदीच्या अंगाचं. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा. तुमच्या गावचं पाणी वेगळं असू शकतं.

आरओचं आधी सांगतो, कारण नव्या माणसाचं मन तिकडेच धावतं. आपण पितो तेच मासोळीलाही चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण टाकीत विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सतत अमोनिया निघतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्या कामात आम्ल तयार होतं. साध्या पाण्यातले बायकार्बोनेट ते आम्ल जिरवतात. आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतातच, त्यामुळे पीएच हळूहळू उतरत जातो. तो ६ च्या आसपास आला की जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. वरून पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, म्हणून संशयही येत नाही. निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळायचे असतील तर हे पाणी लागेल, तेही थोडं बोअरचं मिसळून. गप्पी-मॉलीसाठी दर आठवड्याला कॅन विकत आणण्यात मला अर्थ दिसत नाही.

नळाचं पाणी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात आमच्या नळाला जे पाणी येतं, त्यात मासोळ्या अगदी खुलतात. योजनेची विहीर नदीकाठी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ आणि बेताचं जड असतं. पण मार्च-एप्रिलमध्ये विहीर खोल जाते, मग योजनेला बोअर जोडतात, आणि कधी टँकरचं पाणीही गावच्या पाण्याच्या टाकीत पडतं. जून-जुलैत नदी गढूळ, म्हणून तुरटी. तोटी तीच, पण वर्षभरात त्यातून तीन वेगवेगळी पाणी येतात. मासोळी जड पाण्यात जगते, हलक्यातही जगते. तिला झेपत नाही ते अचानक इकडून तिकडे जाणं, आणि नळ बदलला हे आपल्याला कोणी सांगत नाही.

तरी एवढंही मी चालवून घेतलं असतं. माझा कौल फिरला तो टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीमुळे. पावडर पडलीच पाहिजे, यात दुमत नाही. पावसाळ्यात कावीळ आणि हगवण तीच थोपवते. अडचण आहे ती तिचं प्रमाण सारखं बदलण्याची. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. बोरी उघडी राहिली, दमट हवा लागली, की तो उडत जातो. म्हणजे जुन्या बोरीतलं एक माप आणि नव्या बोरीतलं तेच माप सारखं नसतं. शिवाय गावाच्या शेवटच्या तोटीलाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा दंडक आहे. साहजिकच पाण्याच्या टाकीजवळच्या घरांना त्याहून जास्त येतो, आणि आमचं घर टाकीला लागूनच आहे. माणसाला निर्धोक असलेला हा ०.२ सुद्धा मासोळीच्या कल्ल्यांना पुष्कळ झाला.

एका जुलैत, नेहमीसारखं रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं पाणी मी टाकीत बदललं. थोड्याच वेळात प्लॅटी वर येऊन तोंडं उघडू लागल्या. कल्ले भराभर हलत होते, कडा लालबुंद झाल्या होत्या, एक मासोळी अंग रेतीवर घासत होती. बादलीत उरलेल्या पाण्याला अजून वास होता. गावच्या जलसुरक्षकाला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, परवा नवी बोरी फोडली. अन् बाजूच्या गावात कावीळ निघाली, तं वरून जास्त टाकाले सांगतलं." त्याचं बरोबरच होतं, त्याने त्याचं काम चोख केलं. पण माझ्या बऱ्याच प्लॅटी त्या आठवड्यात गेल्या.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. फोटो स्टुडिओवाले पूर्वी वापरायचे ते हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, क्लोरीन लगेच मारतात. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागतं. ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाणी किती पिवळं होतं ते पाहिलं की क्लोरीनचा अंदाज येतो. माझ्या ओळखीतले काही जण असंच नळाच्या पाण्यावर छान टाक्या सांभाळतात. त्यांची चिकाटी मला मान्य आहे. मला मात्र प्रत्येक बादलीमागे ती धाकधूक नको होती. आणि हायपोने क्लोरीन जातो, पाण्याचा बदललेला जडपणा जात नाही.

बोअरचं पाणी आमच्याकडे जडच. तुरीची डाळ त्यात लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. खाली काळा बेसाल्ट खडक आहे, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. पण टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, दिवाळीत लावा की मे महिन्यात, माझ्या बोअरवर आकडा फारसा हलत नाही. क्लोरीन तर मुळीच नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या मासोळ्यांना जड पाणी मानवतं, पिल्लंही भरपूर होतात. पाण्याला साजेशी मासोळी निवडली की अर्धी कटकट मिटते, असं माझं मत झालं आहे.

त्रास इथेही आहेत. खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. म्हणून बादलीत एअर पंप सोडून काही तास फेसाळू द्यावं. तेवढ्यात पीएच वर चढून स्थिरावतो. जड पाण्याचा पीएच ८ च्या वर जातो आणि तिथे अमोनिया जास्त विषारी होतो: २५ अंशाला पीएच ७ असताना त्याचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, ८ ला साधारण ५ टक्के असतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापतं तेव्हा हे प्रमाण आणखी वाढतं. तेव्हा मासोळ्या कमी ठेवा, खाद्य हात राखून टाका आणि फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. बोअर गोठ्याला किंवा शेताला लागून असेल तर नायट्रेट एकदा तपासून घ्या. काचेवर पांढरी रेघ उमटतेच. ती लिंबाच्या फोडीने निघते.

आरओची कॅन माझ्याकडे आजही येते, पण वेगळ्या कामाला. मे महिन्यात टाकीचं पाणी झपाट्याने उडतं. क्षार मागेच राहतात. त्यात पुन्हा बोअरचं पाणी ओतलं तर जडपणा वाढतच जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओने घालतो आणि आठवड्याची पाव टाकी बोअरच्या पाण्याने बदलतो. शहरातून आणलेली मासोळी मात्र थेट सोडत नाही. पिशवीतलं पाणी भांड्यात घेऊन एअर पंपाच्या बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात पडू देतो, तास-दीड तास तरी.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, राहत असाल तर माझा कौल तुम्हाला लागू नाही. तिथलं बोअरचं पाणी मॉली कदाचित सोसेल, बाकीच्यांचा भरवसा मी देणार नाही. तुमच्या गावाला वान किंवा शहानूर धरणाचं पाणी येत असेल तर नळाचंच घ्या, आणि हायपोची पुडी टाकीशेजारीच ठेवा.