लेंटची उपासनामाला, सदर, नागपूर : एक अभिप्राय

सदर भागातील एका मराठी मंडळीने २०२५ च्या लेंटसाठी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळासाठी, आखलेल्या उपासनामालेला मी भस्म बुधवार, ५ मार्चपासून उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), १८ एप्रिलपर्यंत एकही दिवस न चुकवता हजर राहिले. ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंतच्या ४६ दिवसांतून सहा रविवार वगळले, की प्रभू येशूच्या अरण्यातील उपासाची आठवण करून देणारे ४० दिवस उरतात. मंडळीने या दिवसांसाठी भस्म बुधवारची भक्ती, दर शुक्रवारी घरोघरी प्रार्थनासभा आणि शेवटी उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना असा क्रम ठेवला होता.

पहिल्या संध्याकाळी गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) झावळ्यांची राख कपाळी लावली गेली. माझ्यापुढे उभ्या असलेल्या लहान मुलीच्या पापणीवर थोडी राख सांडली, तेव्हा पाळकसाहेबांनी रांग थांबवून आपल्या रुमालाने तिचा डोळा पुसला आणि मगच ‘तू माती आहेस आणि मातीत परत जाशील’ हे शब्द उच्चारले.

शुक्रवारच्या घरगुती सभा हा या मालेचा गाभा होय. ही मंडळी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यातून नागपुरातच स्थापन झाली. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाची भस्माची भक्ती आणि स्कॉटिश मिशनच्या वळणाची साधी, वचनप्रधान सभा एकाच मंडळीत नांदताना पाहिली, की ते ऐक्य कागदावरच राहिले नाही याचे मनापासून समाधान वाटते. १४ मार्चला धुळवड आल्याने त्या आठवड्याची सभा शनिवारी झाली. मोहननगरातील एका घरी ऐंशीच्या पुढच्या आजींनी ५१ वे स्तोत्र पुस्तक न उघडता म्हटले. ‘हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ या ओळीवर त्या थांबल्या, आणि त्यानंतर कितीतरी वेळ खोलीत पंख्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता. रविवारी पापांगीकार आम्ही एका दमात वाचून मोकळे होतो. त्या दिवशी मात्र धाकट्या जावेशी धरलेला अबोला मला पहिल्यांदा पाप म्हणून दिसला आणि घरी परतताच मी तिला फोन केला.

तक्रार करायची तर ती नाश्त्याबद्दल आहे. सभेनंतर फक्त पाणी द्यावे असे मंडळीने आधीच सांगितले होते, तरी दोन घरी समोसे आणि गुलाबजाम आले. यजमानांचे प्रेम मला कळते, पण दिवसभर उपास करून आलेल्यांसमोर भरल्या बशा ठेवणे योग्य नव्हे, आणि ज्या घरची ऐपत नाही ते पुढच्या वर्षी सभेसाठी नाव द्यायला कचरेल.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात वक्ते बोलले. पहिल्या तिघांनी वेळ न पाळल्यामुळे प्रत्येक उद्गारानंतरची शांतता आकसत गेली, आणि ‘मला तहान लागली आहे’ हा पाचवा उद्गार, जो नागपूरच्या एप्रिलमध्ये कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागत नाही, चार मिनिटांत उरकला गेला. वक्ते कमी केले तरी चालतील, पण ती शांतता राखली जावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्वार्थत्यागाचे पाकीट भस्म बुधवारीच प्रत्येक कुटुंबाला दिले होते. आम्ही शनिवारचे तर्री-पोहे सोडून ते पैसे त्यात टाकले. जमा रक्कम मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, आवारात मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणासाठी खर्च झाली आणि तिचा हिशेब ईस्टरनंतरच्या रविवारी वाचून दाखवला गेला. मधुमेही, गरोदर आणि वृद्ध व्यक्तींनी उपाशी राहू नये, ही सूचनाही दर आठवड्याला न चुकता दिली जात होती.

२०२६ मध्ये भस्म बुधवार १८ फेब्रुवारीला आहे. घरी सभा ठेवायची असेल, तर त्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांकडे नाव द्यावे लागते.