बॅज अस्सल, ड्रम बनावट

जुना स्नेअर (ड्रमसेटमधला खाली तारा ताणलेला ड्रम) घेताना बॅजच्या, म्हणजे त्यावरच्या कंपनीच्या पट्टीच्या, फोटोवर पैसे देऊ नका. आपली नजर आधी तिथेच जाते, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

मला विकलेला ड्रम 'साठच्या दशकातला लुडविग सुप्राफॉनिक, ऑल ओरिजिनल' होता. म्हणजे जाहिरातीत. (लुडविग ही अमेरिकी ड्रम कंपनी, सुप्राफॉनिक तिचं स्नेअरचं मॉडेल.) शिकागोत बनलेला, १४ इंची, दहा लगांचा (लग म्हणजे ताण देणारे स्क्रू बसतात ते बाजूचे खुंट). लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम याचाच साडेसहा इंच खोल प्रकार वाजवायचा. हळू वाजवलं तरी प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो आणि रिमशॉटला, म्हणजे काठी पडद्यावर आणि कडेवर एकदम मारली की, कानठळ्या बसतात. माणूस पैसे मोजतो ते त्यासाठी.

विकणारा कोलकात्याचा. काका म्हणे पार्क स्ट्रीटच्या क्लबात वाजवायचे. हेड, म्हणजे वर ताणलेला पडदा, काढून आतून दाखवा म्हटलं, तर "दादा, जुनं हेड आहे, फाटेल." चामड्याचं असतं तर एक वेळ पटलं असतं, हे प्लॅस्टिकचं, काढ-घाल करायचंच. मग हैदराबादचं गिऱ्हाईक दारात उभं असल्याची घाई. निम्मे पैसे यूपीआयने आधी, उरलेले कुरिअरची पावती दाखवल्यावर.

खोकं उचललं तेव्हाच वजन खटकलं. फ्रिजवरचं लोहचुंबक शेलला, म्हणजे ड्रमच्या गोल पत्र्याला, लावलं, तर चिकटून बसलं! सुप्राफॉनिकचं शेल अ‍ॅल्युमिनियमचं, अगदी सुरुवातीचं पितळेचं. दोन्हींना चुंबक धरत नाही. (रिम, म्हणजे हेड दाबून धरणारं कडं, पोलादी असते, तिथे चिकटणारच. दोन लगांच्या मधल्या मोकळ्या पत्र्यावर लावून बघा.) हेड उघडलं तर आत वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची रेघ. अस्सल शेल अखंड, बिनसांध्याचं असतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट टिकत नाही, वर्षानुवर्षांनी फोड येतात, पापुद्रे सुटतात. हा मात्र आरशासारखा लख्ख.

बॅज तेवढा खरा होता, कीस्टोन (कमानीच्या माथ्यावरच्या दगडाच्या) आकाराचा. पण त्याला धरून ठेवणारी, मधल्या हवेच्या भोकाची कडी नव्याने ठोकलेली, भोवती पक्कडीचे ओरखडे. असे बॅज सुटे विकत मिळतात. सिरियल नंबरवरही विसंबू नका: तो बॅजवरच असतो, आणि कारखान्यातसुद्धा बॅज काही क्रमाने लावत नसत.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे; चॅट आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक जोडलेत. विकणाऱ्याचं उत्तर एवढंच: "काकांनी दिला तसा तुम्हाला दिला." त्याच्या जाहिराती अजून चालू आहेत.