बोलावल्यावर तत्पर, एरवी घाईत : आमच्या भागातील पोलीस गस्तीचा अभिप्राय

हा अभिप्राय आमच्या उपनगरातील पोलीस ठाण्याच्या गस्तीविषयी आहे. ठाण्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे येणाऱ्या उणिवांचा दोष तिथल्या माणसांपेक्षा कामाच्या पद्धतीकडे अधिक जातो. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत असल्यामुळे माझा या सेवेशी वरचेवर संबंध येतो आणि माझे मत थोडक्यात असे आहे की, आपण फोन केल्यावर येणारी मदत आता खरोखरच चांगली झाली आहे, मात्र कोणी न बोलावता जी गस्त व्हायला हवी, तिच्यात फेरी जास्त आणि पाहणी कमी असते.

रचना साधी आहे. ठाण्याच्या हद्दीचे बीट, म्हणजे गस्तीसाठीचे छोटे विभाग, पाडलेले असतात, बीटसाठी चौकी असते आणि मोटारसायकलवरून फिरणारे बीट मार्शल, ठाण्याची चारचाकी गस्तीची गाडी व रात्रपाळीचे अधिकारी मिळून हद्द सांभाळतात. हजेरी झाली की गस्त बाहेर पडते आणि तिची नोंद ठाणे दैनंदिनीत होते.

यातील सर्वांत जमेची बाजू म्हणजे ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक. महाराष्ट्रात २०२१ पासून ही सेवा सुरू आहे. आपला फोन स्थानिक ठाण्यात न जाता नवी मुंबईतील मध्यवर्ती केंद्रात घेतला जातो (दुसरे केंद्र नागपूरला आहे), तिथून तो संबंधित आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि पुढे घटनास्थळाजवळच्या गाडीतील पडद्यावर पोहोचतो. पोलिसांनी तो स्वीकारला केव्हा, ते पोहोचले केव्हा आणि केले काय, याची नोंद यंत्रणेत राहत असल्याने ‘गाडी पाठवली आहे’ एवढे सांगून वेळ मारून नेण्याची सोय उरलेली नाही. आमच्याकडे मारामारी, दारू पिऊन घातलेला गोंधळ आणि दार न उघडणारे एकाकी ज्येष्ठ नागरिक अशा निरनिराळ्या कारणांसाठी फोन झाले, आणि प्रत्येक वेळी मार्शल आले. फोन घेणारी व्यक्ती आपल्या गल्लीपासून दूर बसलेली असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. ‘गणपती मंदिराजवळ’ या पत्त्याचा तिला काही उपयोग नसतो. गाव किंवा शहर, ठाण्याची हद्द, रस्ता, इमारतीचे नाव, आत शिरण्याचे फाटक या क्रमाने सांगावे आणि नंतर फोन मोकळा ठेवावा, कारण वाटेत मार्शल हमखास फोन करतात.

याच फोनमुळे एक अडचणही उद्भवते. ध्वनिक्षेपकाची तक्रार केल्यावर आलेले मार्शल कधीकधी तक्रारदारालाच खाली बोलावून घेतात, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही शेजारीच उभा असतो. सार्वजनिक ठिकाणी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार मनाई आहे (काही ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, तेवढा अपवाद). आवाज ऐकू येत असताना तक्रारदाराचा चेहरा पाहण्याची गरज काय, हे मला उमगलेले नाही. नाव गुप्त ठेवण्याची विनंती फोनवरच स्पष्टपणे करावी. मार्शल परतले की आवाज पुन्हा वाढतो, हा अनुभव तर बहुतेकांच्या परिचयाचा असेल.

आता न बोलावता होणाऱ्या गस्तीकडे वळतो. राज्यात बऱ्याच ठिकाणी बँका, एटीएम, सराफी दुकाने, मंदिरे आणि सोसायट्यांच्या भिंतींवर क्यूआर कोड चिकटवलेले दिसतात, आणि मार्शलने तिथे जाऊन मोबाइलने ते टिपायचे असतात. पूर्वी नोंदवहीत सही करण्याची पद्धत होती व त्या सह्या एकाच बैठकीत होत असल्याची कुजबुज असे, त्या मानाने ही सुधारणाच म्हणायला हवी. परंतु आमच्या फाटकावर मोटारसायकल येते, इंजिन चालूच असते, कोड टिपला जातो आणि गाडी निघून जाते. मागच्या भिंतीलगतचा दिवा बंद आहे किंवा वाहनतळाच्या बाजूची जाळी तुटली आहे, हे त्या कोडला सांगता येत नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये काही बीटमधील नेहमीची गाडीची गस्त थांबवून, काहींत ती वाढवून आणि काहींत तशीच ठेवून पाहिले गेले होते, तेव्हा गुन्ह्यांत किंवा लोकांच्या मनातील भीतीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. नुसत्या फिरण्याला किती महत्त्व द्यायचे, हे ठरवताना तो प्रयोग आठवणीत असावा. आमच्या बीटवर काही काळ एक हवालदार होते, ते गाडी बंद करून खाली उतरत, रखवालदाराला नावाने हाक मारत आणि नवे भाडेकरू, सुरू असलेले बांधकाम, बंद पडलेला कॅमेरा यांची चौकशी करत. त्यांची बदली झाली आणि ती माहिती त्यांच्याबरोबरच गेली, कारण अशा गोष्टी लिहून ठेवण्याचा रकाना कुठेच नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. पोलीस स्वतःच घरफोडीची ‘दिवसा’ आणि ‘रात्री’ अशी वेगवेगळी नोंद ठेवतात. नवराबायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या आमच्या वसाहतीत दुपारी अर्धी दारे कुलूपबंद असतात, तरीही गस्तीचा भर रात्रीवर आहे. गणेशोत्सव, निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरे आले की बीटवरचे मनुष्यबळ बंदोबस्ताला जाते. त्या काळात गस्त विरळ होणार हे समजण्यासारखे आहे, पण त्याची पूर्वकल्पना सोसायट्यांना देणे अवघड नाही.

चौकीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ती अनेकदा बंद असते आणि उघडी असली तरी गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्यातच पाठवले जाते. मार्शल घटनास्थळी येऊन गेले म्हणजे गुन्हा नोंदला गेला, असा गैरसमज करून घेऊ नये. फिर्याद स्वतंत्रपणे द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदवून घेणे बंधनकारक आहे आणि फिर्यादीला नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, तेव्हा ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर मान्य करू नये.

पाचपैकी गुण द्यायचे तर ११२ ला चार, गस्तीला अडीच आणि चौकीला एक देईन. बाहेरगावी जाताना बंद घराची माहिती ठाण्यात लेखी दिली आणि पोच घेतली, तर त्या काळात मार्शल वरच्या मजल्यापर्यंत येऊन कुलूप पाहून जातात, असे आमच्या इमारतीत घडले आहे. ही सोय सांगणारा फलक ठाण्यात मला कुठेही दिसला नाही.